महाराष्ट्रातील चार कृषी विद्यापीठांना खुले पत्र: कार्व्हर शिकवताना त्याच्या शेतकऱ्यांची जमीन आणि उधारीही शिकवा

प्रति,
मा. कुलगुरू व मा. विस्तार शिक्षण संचालक,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला; वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी; डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली.

विषय: अमेरिकेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे शेतीज्ञान व त्यांच्या जमिनी जाण्याचा इतिहास विस्तार शिक्षणात समाविष्ट करण्याबाबत.

महोदय, महोदया,

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला नवीन नाही. गुलामीत जन्मलेला, शेंगदाण्यापासून शेकडो पदार्थ काढणारा शास्त्रज्ञ म्हणून शाळकरी मुलेही त्याला ओळखतात. ही ओळख बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या दारातच थांबते. ज्यांच्यासाठी तो राबला ते अलाबामाचे शेतकरी कसायचे काय, कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या उधारीवर, आणि इतके ज्ञान हाताशी असून त्यांच्या जमिनी का गेल्या, हे आपल्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. पीकपद्धतीचा धडा आणि जमीन-कर्जाचा धडा एकत्र शिकवावा, एवढीच आमची मागणी आहे. तसे का, ते पुढे तपशिलाने मांडतो.

हा विषय परका नाही. राहुरीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्याच्या थोडे आधी, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकाराचे कागद मात्र राहिले. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले, त्यामागे हेही एक कारण होते. नेमक्या याच दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत मुक्त झालेला कृष्णवर्णीय माणूस कापसाच्या उधारीत नव्याने अडकत होता.

आपल्या ताटापासून पाहिले तर नाते त्याहून जुने आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळी ही चारही पिके मुळात आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी घडवली आणि काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे पोचली. यांतली ज्वारी आणि चवळी गुलामांच्या जहाजांच्या काळात अमेरिकेतही गेली. सोबत तीळ आणि भेंडी गेली.

दापोलीसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग भाताचा आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या गिनी-बिसाऊ आणि गिनीच्या खाड्यांत, लोक खारफुटीच्या चिखलात भात पिकवतात. आधी चिखलाचा बांध घालायचा. बांधात पोकळ खोड आडवे पुरायचे आणि त्याच्या एका तोंडाला बोळा मारायचा. पावसाचे पाणी आत साठवायचे, मीठ विरघळले की ओहोटीला बोळा काढून पाणी सोडून द्यायचे. नव्या शेतातले मीठ उतरायला काही पावसाळे जातात. रोपे वर गोड्या जागी वाढवून मग वाफ्यावर लावायची. चूक होते ती उन्हाळ्यात. खाजणाची माती पूर्ण सुकू दिली तर तिच्यातल्या गंधकाच्या संयुगांना हवा लागते, आम्ल तयार होते आणि पुढच्या वर्षी रोप पिवळे पडून मरते. म्हणून कापणीनंतर कित्येक ठिकाणी मुद्दाम खारे पाणी आत घेतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात काम करणाऱ्यांना हे वाचून काही नवल वाटणार नाही, आणि म्हणूनच ते त्यांनी शिकवायला हवे.

अठराव्या शतकात दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या नद्यांकाठी गुलाम माणसांनी हाताने बांध घालून भरतीच्या पाण्यावरची भातशेती उभी केली. जागा निवडण्यातच अर्धे शास्त्र होते. समुद्राच्या इतके जवळ जायचे की भरतीने नदीचे पाणी फुगावे, आणि इतके लांब राहायचे की फुगलेले पाणी गोडेच असावे. बांधातून आरपार लाकडी पेटी बसवलेली असे आणि तिच्या दोन्ही तोंडांना वरून टांगलेली झडप. शेत भरायचे असेल तेव्हा नदीकडची झडप वर उचलून ठेवायची. भरतीचे पाणी पेटीतून आत येते, शेताकडची झडप ढकलून उघडते, आणि ओहोटी लागली की शेतातल्याच पाण्याच्या दाबाने ती झडप बंद होते. शेत उपसायचे तेव्हा उलट करायचे: आतली झडप उचलायची, बाहेरची मोकळी सोडायची. आपल्या रायगडातल्या उघाडीचे आणि गोव्याच्या खाजणातल्या मानसीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांचे, तत्त्व याहून वेगळे नाही.

पाणी चार टप्प्यांत दिले जाई. पेरणीनंतर बी फुटेपर्यंत थोडे दिवस, अंकुर वर आला की पुन्हा, मग तण बुडवण्यासाठी सुमारे तीन आठवडे, आणि कोरड्यात कोळपणी झाल्यावर शेवटचे, दाणा भरून ताटे उभी राहावीत म्हणून कापणीच्या तोंडापर्यंत. तिसऱ्या पाण्यात गफलत झाली, पाणी चढले आणि रोपाचे शेंडे बुडून राहिले तर रोप कुजते; कमी पडले तर तण जिंकते. या सगळ्यावर नजर ठेवणारा माणूस गुलाम असे आणि मालकाला त्याच्या शब्दाखेरीज इलाज नसे. हे ज्ञान आफ्रिकेतून किती आले आणि अमेरिकेत किती घडले, यावर इतिहासकारांत वाद आहे. हात आणि रोजचा निर्णय कुणाचा होता यावर मात्र वाद नाही. १८६५ नंतर मजूर तिथे सक्तीने राबेनात, पुढे वादळांनी बांध फोडले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही शेती संपली.

आता कापूस, म्हणजे अकोला आणि परभणीचा विषय.

गुलामी संपत असताना, १६ जानेवारी १८६५ रोजी, उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने चार्ल्सटनपासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीतली सुमारे चार लाख एकर जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांत देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवला आणि जमीन जुन्या मालकांकडे गेली. हाती जमीन नसलेल्या माणसापुढे बटईखेरीज वाट उरली नाही. जमीन, झोपडे, खेचर, नांगर आणि बी मालकाचे, श्रम कुटुंबाचे, पीक निम्मे-निम्मे. कागदावर हे वाईट दिसत नाही. आता हिशेब पाहा. समजा एका कुटुंबाने प्रत्येकी ५०० पौंडांच्या चार गाठी कापूस काढला आणि भाव पौंडाला १० सेंट मिळाला. एकूण २०० डॉलर झाले, त्यांचे निम्मे १०० डॉलर. मार्चपासून मक्याचे पीठ, खारवलेले डुकराचे मांस, कापड आणि खत हे सगळे दुकानातून उधार घेतलेले. उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा, वर व्याज. डिसेंबरात हिशेब होतो तेव्हा ही उधारी ११० डॉलर निघते. दहा डॉलर बाकी घेऊनच पुढचे वर्ष सुरू होते. वही मालकाकडे, वजनकाटा मालकाकडे. करार करून आगाऊ रक्कम घेतलेला मजूर काम सोडून गेला तर अलाबामात तो जवळजवळ फसवणुकीचा गुन्हाच धरला जाई. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये रद्द केला.

उधारी उभ्या पिकावर तारण असे आणि दुकानदाराला तारण म्हणून फक्त कापूस हवा असे. कार्व्हरचे काम नीट समजायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. तो १८९६ मध्ये टस्कीगी या अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत आला. पुढच्या वर्षी अलाबामाच्या विधिमंडळाने तिथे प्रयोग केंद्र मंजूर केले, वर्षाला १,५०० डॉलरवर. त्याने जे सांगितले ते हेतुपुरस्सर बिनपैशाचे होते: खोल नांगरट, उतारावर आडव्या सऱ्या, चवळी पेरून फुलावर असताना गाडणे, रताळी आणि भुईमूग यांची फेरपालट. खताचा पैसा नाही तर जंगलातला पाला आणि दलदलीतला काळा गाळ आणा. दोन गाड्या पाला-गाळ, त्यावर एक गाडी शेणखत, पुन्हा तसाच थर, आणि पावसाने सत्त्व वाहून जाऊ नये म्हणून वर साधे छप्पर. कापसाच्या बोंडात अंडी घालणारा भुंगा टेक्सासकडून सरकत अलाबामात आला तेव्हा भुईमुगाची निकड अधिकच वाढली. भुईमूग कसा लावावा आणि १०५ प्रकारे कसा खावा हे सांगणारी त्याची पुस्तिका १९१६ ची आहे. पदार्थांची यादी तिथे कौतुकासाठी नव्हती. दुकानातले मांस विकत घेणे कमी व्हावे, म्हणजे उधारी कमी व्हावी, हा तिचा हेतू होता. पीनट बटरचा शोध त्याने लावला ही समजूत चुकीची आहे, आणि त्याच्या शेकडो पदार्थांपैकी बाजारात टिकले ते फार थोडे. त्याचे खरे मोठेपण मातीच्या आणि घरखर्चाच्या हिशेबात आहे.

तरीही चवळी पेरणार कोण? जमीन आपली नाही, उधारी कापसावर, पुढच्या वर्षी हेच शेत मिळेल याची खात्री नाही. मातीत आज घातलेले खत उद्या दुसऱ्या बटईदाराला मिळणार. कार्व्हरचा सल्ला उचलला तो मुख्यतः ज्यांच्याकडे थोडी तरी स्वतःची जमीन होती त्यांनी. तंत्र योग्य असूनही पसरत नाही त्याचे कारण पुष्कळदा सातबाऱ्यावर आणि दुकानाच्या वहीत असते. ‘शेतकरी सल्ला ऐकत नाही’ असा शेरा लिहिण्याआधी आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती वही पाहायला हवी.

विस्तार कार्याच्या दृष्टीने टस्कीगीकडून शिकण्यासारखे आणखी एक आहे. मे १९०६ मध्ये तिथून खेचरांनी ओढलेली एक गाडी निघाली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसे दिले म्हणून ती जेसप वॅगन. तीत नांगर, बी, दूध घुसळण्याची आणि साय काढण्याची यंत्रे होती. गाडी एखाद्या शेतकऱ्याच्या शेतावर थांबे, शेजारी जमत आणि त्याच शेतात काम करून दाखवले जाई. त्याच वर्षी थॉमस मनरो कॅम्पबेल केंद्रीय कृषी खात्याचा पहिला कृष्णवर्णीय विस्तार कार्यकर्ता झाला. १९२३ मध्ये मोटार ट्रक आला तो हजारो कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वर्गणीतून, आणि त्यात शेतीतज्ज्ञासोबत गृहविज्ञानाची कार्यकर्ती व परिचारिकाही असे. घरातले आजारपण उधारी वाढवते हे त्यांना ठाऊक होते.

मग १९१४ चा कायदा झाला आणि विस्तार कार्याला सरकारी पैसा मिळू लागला. दक्षिणेत तो गोऱ्यांच्या महाविद्यालयांमार्फत वाटला गेला. सरकारने जमिनी किंवा पैसा देऊन उभ्या केलेल्या ज्या लँड-ग्रँट महाविद्यालयांच्या नमुन्यावर आपली कृषी विद्यापीठे उभी राहिली, त्यांच्या दोन पिढ्या आहेत: १८६२ च्या कायद्याची आणि १८९० च्या कायद्याची. दुसरी पिढी कृष्णवर्णीयांसाठी वेगळी काढलेली. आपण पहिलीचा इतिहास सांगतो. दुसरीतल्या संस्थांना १६ राज्यांनी तीन दशकांत मिळून १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी दिला, हे खुद्द अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी खात्यांनी २०२३ मध्ये त्या राज्यांच्या गव्हर्नरांना पत्राने कळवले आहे.

आता जमीन कशी गेली ते. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते, म्हणजे साधारण दर सातांत एक. त्यांतले जेमतेम एक चतुर्थांश मालक होते, तरी १९१० च्या सुमारास त्यांच्या नावावर दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन होती. आज तिथल्या एकूण शेतकऱ्यांत त्यांचे प्रमाण दीड टक्काही नाही. यात हिंसा होती, स्थलांतर होते, यंत्रे होती. पण दोन वाटा कागदाच्या होत्या, आणि त्या आपल्या विद्यार्थ्यांना पायरीपायरीने कळायला हव्यात.

पहिली वाट वारसाची. मृत्युपत्र नाही, वकिलावर आणि कोर्टावर विश्वास नाही, म्हणून जमीन न वाटता सर्व वारसांच्या सामाईक नावावर राहते. दोन पिढ्यांत वारस पन्नास होतात, त्यांतले निम्मे शिकागो-डेट्रॉइटला. एखादा सट्टेवाला दूरच्या नातवाचा छोटा हिस्सा स्वस्तात घेतो आणि कोर्टात वाटणी मागतो. कोर्ट म्हणते, इतके तुकडे पडणे शक्य नाही, विका. लिलाव होतो, रोख पैसे लगेच भरायचे असतात, कसणाऱ्या कुटुंबाकडे ते नसतात, आणि ज्याने दावा लावला तोच कमी भावात सगळी जमीन घेतो. शिवाय नाव स्वच्छ नसल्याने मधल्या काळात कर्ज नाही, आपत्तीची मदत नाही. २०१० मध्ये तयार झालेला नमुना कायदा आता अनेक राज्यांनी स्वीकारला आहे. त्यात आधी जमिनीचे मूल्यांकन होते, मग इतर हिस्सेदारांना विक्री मागणाऱ्याचा हिस्सा त्या किमतीत घेण्याची इच्छा कळवायला ४५ दिवस मिळतात, पैसे भरायला आणखी किमान ६० दिवस, आणि विक्री अटळ झाली तर लिलावाऐवजी खुल्या बाजारात. आपल्या १८९३ च्या विभाजन कायद्यात निम्म्याहून कमी हिस्सा असणाऱ्याला विक्रीची मागणीच करता येत नाही आणि इतरांना मूल्यांकनाच्या किमतीत घेण्याचा हक्क आहे. हे संरक्षण आपल्याकडे आहे, तरी वारस नोंद न केलेला सातबारा घेऊन पीककर्जासाठी फिरणारी कुटुंबे प्रत्येक तालुक्यात आहेत. फेरफाराचा अर्ज कसा भरायचा हे कृषी पदवीधराला आलेच पाहिजे.

दुसरी वाट कर्जाच्या तारखेची. केंद्रीय कृषी खात्याची कर्जे जिल्हा पातळीवर ठरत आणि तिथल्या निवडून आलेल्या समित्यांत कृष्णवर्णीय जवळपास नसतच. अर्ज नाकारण्याची गरजच पडत नसे, उशीर पुरे होता. एप्रिलमध्ये पेरायचे आणि पैसा जुलैत आला तर उशिरा पेरलेल्या पिकाचा उतारा घटतो, हप्ता थकतो आणि जप्तीला कारण तयार होते. काहींचे पैसे अशा खात्यात ठेवले जात की प्रत्येक वेळी अधिकाऱ्याची सही लागे. खत घ्यायचे तर आधी त्याची वाट पाहा. यावरचा पिगफर्ड खटला १९९७ मध्ये दाखल झाला, १९९९ मध्ये तडजोड झाली, दावा मान्य झालेल्यांपैकी बहुतेकांना ५०,००० डॉलर मिळाले. २०१० मध्ये राहिलेल्यांसाठी १२५ कोटी डॉलरची दुसरी तडजोड झाली, आणि त्याच वर्षी मूलनिवासी शेतकऱ्यांच्या अशाच खटल्यात ७६ कोटींची. गेलेली जमीन यातून परत आली नाही.

भारतीयांनाही याची झळ लागली होती. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने ‘नागरिकत्वास अपात्र’ लोकांना शेतजमीन घेण्यास बंदी घातली. निशाणा जपानी शेतकऱ्यांवर होता. भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवणाऱ्या १९२३ च्या थिंड निकालाने पंजाबी शेतकरीही त्यात आले आणि जमिनी गोऱ्या भागीदारांच्या किंवा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे ठेवाव्या लागल्या.

या माणसांनी जे उभे केले तेही शिकवा. मिसिसिपीच्या सनफ्लॉवर काउंटीत नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांनी साठच्या दशकाच्या शेवटी डुकरांची बँक काढली: ३५ माद्या, ५ नर. कुटुंबाला गाभण मादी मिळे, व्यायल्यावर दोन पिले बँकेत परत द्यायची, बाकी घरची. आपल्याकडे शेळीगटांत हीच रीत चालते. त्यांची सहकारी शेती मात्र सत्तरच्या दशकात दुष्काळ, पूर आणि थकलेल्या जमीनकरामुळे गेली. टस्कीगीचे कृषितज्ज्ञ बुकर टी. व्हॉटली यांनी २५ एकरांच्या शेतासाठी घालून दिलेल्या अटी आजही तपासण्यासारख्या आहेत. शेत किमान ५०,००० वस्तीच्या शहरापासून ४० मैलांच्या आत, पक्क्या रस्त्यावर हवे. ग्राहक आधी वर्गणी भरून सभासद होतील आणि माल स्वतः तोडून नेतील. पिके अशी जुळवायची की वर्षभर रोज थोडा पैसा येईल, एकरी किमान ३,००० डॉलर. ठिबक हवे, दलाल नको, आणि लोक शेतात येणार म्हणून अपघाताचा विमा हवाच. श्री. अ. दाभोळकरांच्या दहा गुंठ्यांच्या प्रयोगाशेजारी हे ठेवून शिकवता येईल.

जॉर्जियातल्या ली काउंटीत १९६९ मध्ये ‘न्यू कम्युनिटीज’ या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या संस्थेने सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. जमीन न्यासाची, कसणे कुटुंबांचे, विकण्याचा हक्क कुणालाच नाही. या कल्पनेमागे जे विचार होते त्यांत गागोद्याच्या विनोबांचे ग्रामदान होते. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात सरकारी तातडीचे कर्ज वेळेवर मिळाले नाही आणि १९८५ मध्ये जमीन गेली. २००९ मध्ये पिगफर्डमधूनच त्यांना सुमारे १२० लाख डॉलर मिळाले, त्यातून १,६०० एकर पुन्हा घेतले. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाने २०१३ मध्ये १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली जमीन ग्रामसभेच्या नावे करायचे ठरवले. ही दोन उदाहरणे एकाच तासात शिकवता येतात.

आमची विनंती यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहण्याची नाही. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थी गावात राहतातच. त्यांच्या नोंदवहीत चार रकाने वाढवावेत. एक, शेताच्या सातबाऱ्यावर कुणाची नावे आहेत, त्यांतली हयात किती, वारस नोंद राहिली असेल तर कशामुळे. दोन, पीककर्जाच्या अर्जाची तारीख, पैसे हाती आल्याची तारीख आणि पेरणीची तारीख. तीन, बी, खत आणि औषध उधार घेतले असल्यास उधारीचा भाव आणि त्याच दुकानातला रोखीचा भाव. चार, पीक कोणते घ्यायचे हे कुणी ठरवले: कसणाऱ्याने, जमीनमालकाने की उधार देणाऱ्याने. बटईने, ठोक्याने कसणारी आणि ज्यांच्या नावावर जमीन नाही अशा बायांची कुटुंबे यातून वगळू नयेत. सहसा तीच वगळली जातात, कारण लाभार्थ्यांची यादी सातबाऱ्यावरून काढली जाते. चारही विद्यापीठांनी हे रकाने सारखेच ठेवावेत, म्हणजे विदर्भाचा कापूस आणि रायगडाची खार जमीन शेजारी ठेवून वाचता येईल. येत्या खरिपात विद्यार्थी गावांत जाण्यापूर्वी हे छापून व्हावे.

आपले,
शेतीविस्ताराचे काम करणारे व त्याचा इतिहास अभ्यासणारे काही जण